सरावातली बोली

"अक्का, भाव निम्म्यावर आणू का? बघू तरी कोण टिकतंय," पद्माकर फोनवर हसत म्हणाला.

"आणा की अण्णा. आज सराव आहे, फुकट द्या हवं तर," अनुसूया म्हणाली आणि तिने पुढच्या पुरवठादाराला फोन लावला.

सराव लिलावात सगळेच कर्ण होतात. एरवी एकेका रुपयासाठी जीव टाकणारी माणसं सरावात मात्र राजासारखी उधळतात, आणि त्यात कुणाचं काही जात नाही. हा लिलावही उलटा असतो. माल विकायला आलेल्यांनी भाव चढवायचा नाही, उतरवायचा. जो सगळ्यात खाली उतरेल त्याला वर्षभराचं काम. प्रत्येकाने आपापल्या कारखान्यात संगणकासमोर बसून आकडे टाकायचे. दुपारी खरा लिलाव असला, तर सकाळी असाच एक खोटा लिलाव ठेवायची पद्धत आहे. बटणं चालतात ना, इंटरनेट टिकतं ना, हे त्यात कळतं. त्या वेळी टाकलेल्या बोलीला काडीची किंमत नसते.

मोठ्या कंपन्यांसाठी असे लिलाव चालवून देणारं एक कार्यालय जयनगरात होतं, आणि अनुसूया तिथे समन्वयक होती. कार्यालय निघाल्यापासूनच ती तिथे होती. तिचं काम एकच, व्यत्यय निवारायचा. लिलाव ऐन रंगात आला की कुणाची तरी वीज जाणार, हे तिने धरूनच ठेवलेलं असे. कुणाची वायर उंदीर कुरतडून ठेवायचा, कुणाचा नातू मांडीवर बसून शून्य जास्त दाबायचा, कुणाला पासवर्ड आठवायचा नाही. मग फोन यायचा, "अक्का, गेलं सगळं!" अनुसूया लिलाव थांबवायचं बटण दाबायची, त्या माणसाला धीर द्यायची, मोबाइलवरून इंटरनेट कसं घ्यायचं ते सांगायची, आणि सगळे पुन्हा जागेवर आले की लिलाव पुढे सोडायची. शेवटी पडद्यावर एका ओळीपुढे खूण करायची, "लिलाव निर्विघ्न पार पडला." ती खूण झाल्याशिवाय लिलाव पक्का होत नसे. तिच्या नावावर आजवर एकही ठपका नव्हता आणि तिला त्याचा अभिमान होता. का नसावा?

आजचा लिलाव लाकडी पेट्यांचा होता. यंत्रं बनवणाऱ्या एका बड्या कंपनीला आपला माल परदेशी धाडण्यासाठी वर्षभर पेट्या हव्या होत्या. पाच पुरवठादार होते, त्यांतला पद्माकर के. आर. पुरमचा. वडिलांनी घातलेला कारखाना, हाताखाली सात सुतार. हे काम मिळालं तर वर्ष निघणार होतं.

सराव संपत आला आणि पडद्यावर उपेंद्रचा चेहरा उमटला. हा त्या यंत्रकंपनीचा खरेदीप्रमुख, मूळ पुण्याचा.

"अनुसूया मॅडम, एक चेंज आहे. रिअल ऑक्शन आपण आत्ताच स्टार्ट करू या. माझी फ्लाइट प्रीपोन झालीये, आणि एअरपोर्टच्या वाटेवरचा हेब्बाळचा ट्रॅफिक तुम्हाला माहितीये."

"सर, सगळ्यांना दुपारची वेळ दिलीय. असं मधेच कसं करता येईल?"

"मग मेल टाका ना. मेल गेला म्हणजे इन्फॉर्म केलं. सिंपल."

मेल! या एका शब्दाने किती जणांचे हात धुऊन निघतात. वाचणारा त्या वेळी रंधा मारतोय, लाकूड उतरवून घेतोय की दवाखान्यात बसलाय, हे बघायची जबाबदारी कुणाचीच नाही. साहेबांना विमान गाठायचं होतं म्हणून पाच माणसांनी क्षणात सावध व्हायचं.

"मी प्रत्येकाला फोन करून सांगते," अनुसूया म्हणाली. "सगळे हो म्हणाले की सुरू करू."

तेवढ्यात तिचा वरिष्ठ श्रीहर्ष काचेच्या खोलीतून बाहेर आला. तिच्यापेक्षा वयाने बराच लहान. माणूस वाईट नव्हता. पण गिऱ्हाईक नाराज होईल या एका भीतीवर तो जगत होता.

"मॅडम, क्लायंट सांगतोय ना? करू या की. मेल मी टाकतो."

"श्रीहर्ष, दोन्ही लिलावांचा पडदा सारखाच दिसतो. खरा की सराव, हे कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते कोण वाचतं? एखादा सरावच समजेल."

"काही होत नाही मॅडम. तुम्ही उगीच टेन्शन घेता."

ती फोन लावत सुटली. पहिल्याने ऐकलं, दुसऱ्याने कुरकुर करत ऐकलं, तिसऱ्याने तुमचा हा काय कारभार म्हणून चार शब्द सुनावले, चौथाही सावध झाला. पद्माकरचा फोन लागेना, तो लाकडाच्या वखारवाल्याशी बोलत होता. आणि अनुसूया पाचव्या फोनशी झटत असतानाच श्रीहर्षने आपल्या संगणकावरून लिलाव सुरू करूनही टाकला.

पद्माकरची बोली आली. निम्म्या भावाची. पाठोपाठ दुसरी आली, त्याहूनही खाली. पठ्ठ्या एका हाताने फोनवर बोलत दुसऱ्या हाताने मजा करत होता.

अनुसूयाने थांबवायचं बटण दाबलं.

पद्माकरचा फोन लागला तेव्हा तो अजून हसतच होता.

"काय अक्का, थांबवलंत का? आत्ता कुठे रंग चढला होता की."

"अण्णा, स्वल्प ऐका. हा सराव नाही. हा खरा आहे."

पलीकडे करवतीचा आवाज येत होता. तो कुणीतरी बंद केला.

"खरा तर दुपारी आहे की."

"वेळ बदलली. मी लिलाव थांबवलाय. तुम्ही कशालाही हात लावू नका आणि मला लेखी कळवा, चूक झाली म्हणून. लगेच."

"अक्का, त्या भावात लाकूडसुद्धा येत नाही. खिळे, मजुरी राहू द्या. नाही म्हटलं तर भरलेली अनामत जाईल, आणि कंपनीवाले तीन वर्षं दारात उभं करणार नाहीत. सात जण आहेत हो माझ्याकडे. काय सांगू त्यांना?"

"मी आहे ना. लिहून पाठवा आधी."

त्याने पाठवलं. नियम साधा होता. लिलाव चालू असताना पुरवठादाराने चूक कळवली, तर खरेदीदाराच्या संमतीने ती बोली काढून टाकता येते. संमती द्यायला एक शब्द पुरला असता.

उपेंद्र एव्हाना गाडीत बसला होता. फोनच्या पडद्यावर त्याची हनुवटी आणि गाडीचं छत दिसत होतं.

"का थांबवलंत मॅडम? किती ब्युटिफुल चाललं होतं!"

"सर, एका पुरवठादाराने सराव समजून बोली टाकलीय. त्यांनी लेखी कळवलंय. तुम्ही हो म्हणालात की मी काढते."

"काढायची कशाला? बिड इज बिड. उद्या सगळेच म्हणतील, आम्ही गंमत करत होतो. मेल गेला होता ना?"

"बोली आली तेव्हा मेल जाऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. आणि वेळ आपण बदललीय सर. तुमच्या विमानासाठी."

श्रीहर्षने कपाळावर हात मारला. उपेंद्रची हनुवटी जरा वर गेली.

"मॅडम, तुमचं काम ऑक्शन रन करणं आहे. पुरवठादारांची बाजू घेणं नाही. श्रीहर्ष, रिझ्यूम करा."

आणि श्रीहर्षने लिलाव पुढे सोडला! तिच्याकडे न बघता. बाकीच्या चौघांना आपण एवढे मागे कसे पडलो ते कळेना, ते गुपचूप बसून राहिले. लिलाव संपला. सगळ्यात वर पद्माकरचं नाव होतं, आणि खाली ती ओळ खुणेची वाट बघत होती.

"मॅडम, तेवढी खूण करा," श्रीहर्ष म्हणाला.

"कशाची? निर्विघ्न पार पडला याची?"

"टेक्निकली काही बिघाड नव्हताच ना. वीज होती, सर्व्हर चालू होता."

अनुसूयाचा संताप आता मात्र आवरेना. "श्रीहर्ष, एका माणसाचं घर बुडवलंत तुम्ही आज, दिवसाढवळ्या, आणि म्हणता बिघाड नव्हता? उंदराने वायर कुरतडली तर मी लिलाव थांबवते. साहेबांनी वेळ कुरतडली तर थांबवायचं नाही? मी खूण करणार नाही. जे घडलं ते लिहून ठेवणार, वेळ कुणी बदलली तेसुद्धा."

कार्यालयातली चार डोकी वर झाली आणि पुन्हा खाली गेली. महिन्याचे हप्ते सगळ्यांनाच असतात.

ती जेवायला गेली नाही. श्रीहर्ष खोलीत बसून फोनवर बोलत राहिला. खूण नाही म्हणजे लिलाव लटकला. तिने खरं लिहिलं तर यंत्रकंपनीचे लेखापरीक्षक विचारणार की ठरलेली वेळ कुणाच्या सोयीसाठी बदलली. उपेंद्रला विमानात बसायच्या आधी हे मिटवून हवं होतं.

दोनच्या सुमारास श्रीहर्षने तिला आत बोलावलं. चहा मागवला. चहा आला म्हणजे काहीतरी गिळायला लावणार, हे तिला कळलं.

"मॅडम, मार्ग निघालाय. उपेंद्र सर लिलाव रद्द करायला तयार आहेत. पद्माकरची बोली जाणार, अनामत सुरक्षित. पुढच्या आठवड्यात नव्याने लिलाव, त्यालाही बोलावणार."

"मग अडलं कुठे?"

"कारण द्यावं लागतं ना." श्रीहर्ष कप फिरवत राहिला. "समन्वयकाने पुरवठादारांना न कळवता खरा लिलाव वेळेआधी सुरू केला. असं लिहायचं आहे."

अनुसूया त्याच्याकडे बघतच राहिली. चार जणांना फोन तिने केले. थांबवला तिने. नको नको म्हणत होती तीच.

"मी सुरू केला? मी?"

"सर स्वतःचं नाव घालणार नाहीत. माझं घातलं तर त्यांचं सगळं काम आपल्या हातून जाईल. मॅडम, तुम्हाला नोकरीवरून काढत नाही कुणी. फक्त... ठपका असलेल्या माणसाला लिलावावर बसवता येत नाही, तो नियम आहे. तुम्ही नोंदणीचं काम बघा. पगार तोच."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर लिलाव लटकलेला राहील. चौकशी होईल, महिनोन्‌महिने चालेल. तोवर पद्माकरची अनामत अडकलेली, आणि दुसरीकडेही त्याला कुणी उभं करणार नाही. तुम्ही खऱ्या ठराल कदाचित. तो टिकेल का तोवर?"

याला म्हणतात शिकलेली माणसं. गळा कुठे धरायचा ते बरोबर कळतं. तिला वाटलं, तो कप उचलून काचेवर फेकावा. वाटलं, नाही म्हणावं आणि बघावं काय होतं ते. पण बघायचं तिला नव्हतं, के. आर. पुरमच्या त्या आठ जणांना होतं.

"आधी रद्द केल्याचा मेल सगळ्यांना जाऊ दे," ती म्हणाली. "माझ्यासमोर. मग मी मान्य करते."

मेल गेला. तिने वाचला. स्वतःचं नाव, हुद्दा, आणि पुढे तिने न केलेली चूक, सगळं शुद्ध इंग्रजीत. तिने मान्य केल्याचं बटण दाबलं. श्रीहर्ष "थँक यू मॅडम" म्हणाला. मग म्हणाला, "रद्द केल्याचा पक्का आदेश परवा निघेल. तोवर हे बाहेर बोलू नका हं. कुणी तक्रार केली तर सगळं फिरेल."

ती बनशंकरीच्या बसथांब्यावर उभी असताना पद्माकरचा फोन आला.

"अक्का, मेल वाचला. सुटलो बघा. देवाने हात दिला."

"बरं झालं अण्णा."

मग त्याचा आवाज बदलला.

"पण अक्का, तुम्ही असं करावं? वेळ बदलायची तर आधी एक फोन नको का? घरात आज कुणी जेवलं नाही. बायको देवापुढनं उठेना. पोरांना काय सांगायचं म्हणून मी वखारीत लपून बसलो होतो हो, या वयात! दुसऱ्या कुणी केलं असतं तर काही वाटलं नसतं. तुमच्या भरवशावर आम्ही बसतो की."

सांगायला एकच वाक्य लागलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. पण पद्माकरच्या पोटात काही राहत नाही. ऐकलं की तो त्याच पावली श्रीहर्षला फोन लावणार, उपेंद्रला शिव्या घालणार, आणि परवाचा आदेश निघायचा राहणार. आणि परवानंतर सांगितलं, तर तो म्हणणार, आता सुचलं होय?

ज्यांच्यावर राग होता, त्यांतला एक आकाशात होता आणि दुसरा काचेच्या खोलीत. फोनवर मात्र हा होता.

"चुकलं अण्णा," ती म्हणाली.

पद्माकर लगेच विरघळला. "असू दे, असू दे. माणूस म्हटलं की होतं. मी मनात काही ठेवत नाही, तुम्ही पण ठेवू नका. पुढच्या लिलावाला मात्र स्वल्प जपून करा."

"सरी अण्णा, जपून करते."

माफ करून तो मोकळा झाला. फोन ठेवताना त्याच्या मागे करवत पुन्हा सुरू झालेली ऐकू आली.

बस आली. बायकांना प्रवास फुकट, पण ओळखपत्र दाखवावं लागतं. अनुसूयाने पर्समधून आधारकार्ड काढून पुढे धरलं. कंडक्टरने फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, नाव वाचलं. मग "आयतु अम्मा, झालं" म्हणत त्याने तिकीट तिच्या हातात दिलं आणि तो पुढे गेला.