खाणीच्या वाटेवरची चाचणी

क्रेन चालवून चालवून वहिनीची कंबर कामातून गेली होती. मालधक्क्यावरच्या उंच केबिनमध्ये दिवसभर पुढे वाकून खाली बघत बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी तीच कंबर घेऊन खडकाळ वाटांवर सायकल हाणायची, हा तिचा जुना हट्ट. या खेपेला तर तिने डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत नाव घातलं होतं. वाटेत डांबर म्हणून दिसणार नव्हतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि सरळ सांगितलं, शर्यत सोडा, नाहीतर बुडाखालचे दणके कमी करा. शर्यत सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. मग ती नणंदेच्या दुकानात गेली.

नणंदेला सगळे मुंगी म्हणत. अंगाने एवढीशी, पण लहानपणापासून रस्त्यावरचा प्रत्येक नट-बोल्ट उचलून घरात आणायची, त्यावरून पडलेलं नाव. आता तिचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाईक कितीही तडकलं तरी तिचा आवाज चढत नसे. वहिनी म्हणायची, या पोरीच्या अंगात राग भरायचाच राहून गेला.

मुंगीने दोन सस्पेन्शन सीटपोस्ट, म्हणजे सीट ज्यावर बसते ते दणके झेलणारे खांब, टेबलावर ठेवले. एक सरळसोट जाड नळी, आत स्प्रिंग. सीट खालीवर होणार, बस्स. दुसऱ्याला वर दोन सांधेदार दांडे होते. दणका बसला की सीट खाली आणि जराशी मागे सरकायची. मुंगीचं म्हणणं, नळीवाला मोठे खड्डे झेलतो, पण बारीक थरथर सुरू झाली की झोपून राहतो, आणि लांब पल्ल्यात माणसाला मारते ती बारीक थरथरच. वहिनीला नळीवालाच पसंत होता. सांधे आले की चिखल आला, खुळखुळ आली, आणि भर रानात काही निखळलं तर हाक कुणाला मारायची? दोघींचा वाद जेवणाच्या टेबलावरही संपला नाही, तेव्हा वहिनीचा नवरा म्हणाला की मला पसंत करतानासुद्धा हिने एवढा विचार केला नव्हता.

"बोलून काय ठरणार?" मुंगी म्हणाली. "बसून बघ."

म्हणून सुट्टीच्या सकाळी दोघी बंद पडलेल्या दगडखाणीच्या वाटेला लागल्या. जाताना नळीवाला, येताना सांधेवाला, असं ठरलं. खडीवर नळीवाला शिंगरासारखा उधळला. वहिनीला हसू आलं आणि कंबरेत कळही आली. खाणीच्या तोंडाशी जुन्या वजनकाट्याची खोली होती. तिथे थांबून मुंगीने नळीवाला उपसला, त्याची सीट काढून सांधेवाल्यावर बसवली, तो सायकलीत घालून आवळला आणि पुढे किती उंची ठेवायची ते लक्षात राहावं म्हणून मोबाईलवर फोटो काढला.

त्या फोटोनेच घात केला. खोलीमागे दोन माणसं पंपाच्या जुन्या मोटारीतली तांब्याची तार चोरून सोलत बसली होती. दोघींना ती दिसलीच नव्हती; त्यांना मात्र मोबाईल दिसला. एक उंच होता, हातात पहार. दुसऱ्याने पिवळी टोपी घातली होती. टोपीवाल्याने फोन मागितला. मुंगीने मुकाट्याने दिला. त्याने तो दगडावर आपटून टाचेने चुरडला. तेवढ्यावर भागलं असतं, पण वहिनीच्या तोंडून निघून गेलं की आम्ही तुमचा फोटो काढलाच नव्हता, उगाच नुकसान केलंत.

उंच माणसाने पहार फिरवली. ती वहिनीच्या डाव्या गुडघ्यावर बसली. आवाज आधी आला, कळ मागून. ती तोंडावर आपटली, तोंडात माती आणि रक्त एकदमच आलं. मान वळवून बघते तो पहार पुन्हा वर गेलेली.

ती खाली आलीच नाही. मुंगीने नळीवाला सीटपोस्ट दोन्ही हातांनी धरून त्याच्या कानामागे हाणला होता. माणूस गुडघ्यावर आला. टोपीवाला तिच्या अंगावर धावला, तिने वळून त्याच्या मनगटावर घाव घातला. हाड मोडल्याचं वहिनीला जमिनीवरूनही ऐकू आलं. तो हात पोटाशी धरून, ओरडत, खाणीच्या उतारावरून पळत सुटला.

इथे सगळं थांबायला हवं होतं. पण मुंगी उंच माणसाकडे परतली. तो उठायच्या बेतात होता की नुसता चाचपडत होता, देव जाणे. तिने त्याच्या जबड्यावर मारलं. तो आडवा झाला. तिने डोळ्यावर मारलं. मग खांद्यावर, बरगड्यांवर, परत तोंडावर. ओरडत नव्हती, शिव्या देत नव्हती. कणीक तिंबावी तशी एका लयीत मारत होती. नळीतली स्प्रिंग प्रत्येक घावाला खळ्ळ वाजत होती आणि माणसाच्या घशातून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता.

"मुंगी, पुरे. मरेल तो."

तिला ऐकूच गेलं नाही. वहिनी कोपरांवर सरपटत गेली, मोडका पाय मागून फरफटत. तिने मुंगीचा घोटा धरला. मुंगीने लाथ मारून तो सोडवला. वहिनीने पुन्हा धरला आणि सगळं वजन टाकून ओढलं. मुंगी धपकन पडली, उठली आणि सीटपोस्ट वहिनीच्या डोक्यावर उगारला. तिच्या डोळ्यांत कुणीच नव्हतं. आज आपण नणंदेच्या हातून जाणार, हे वहिनीला अगदी शांतपणे कळलं. तिने डोकं हातांनी झाकलं नाही. नुसती बघत राहिली.

"वहिनी?" मुंगी म्हणाली आणि तिथेच ओकली.

वहिनीचा फोन घरीच राहिला होता. टोपीवाला आणखी कुणाला घेऊन येईल, याचा भरवसा नव्हता. त्यांनी उंच माणसाला कुशीवर वळवलं, म्हणजे रक्त घशात साचणार नाही. मग मुंगीने वहिनीला सायकलवर चढवलं आणि एका हाताने तिला, दुसऱ्याने हँडल धरून ती उतारावर पळू लागली. खडकाळ वाटेवर पॅडलवर उभं राहून दणके पायांवर घ्यायचे असतात. वहिनीला उभं राहताच येत नव्हतं. लोंबता पाय घेऊन ती त्या सगळ्या धोंड्यांवरून बसूनच गेली. खालचे दांडे वाकत होते, सीट मागे सरकत होती, पुन्हा जागेवर येत होती. गुडघ्यात आग होती, पण कंबर टिकली. रस्त्याला लागल्यावर एका ट्रकवाल्याने त्यांना दवाखान्यात पोचवलं आणि खाणीकडे माणसं धाडली.

उंच माणूस जगला. एक डोळा गेला, जबडा तारांनी बांधावा लागला. टोपीवाला त्याच संध्याकाळी सापडला. वहिनीच्या गुडघ्यात धातूची पट्टी आणि स्क्रू बसले. पोलीस अधिकारी तिच्या खाटेशी खुर्ची ओढून बसला आणि त्याने विचारलं, तो पडल्यावरही तुमच्या नणंदेने मारलं का? वहिनी म्हणाली, मी जमिनीवर होते, मला काही दिसलं नाही. हे खोटं बोलताना तिला जराही जड गेलं नाही. पण शेजारच्या खोलीत मुंगीने आधीच सगळं सांगून टाकलं होतं.

"पहिले दोन आम्हाला वाचवायला होते," ती म्हणाली होती. "बाकीचे कशासाठी, मला माहीत नाही."

कोर्टाने शिक्षा दिली, पण तुरुंग टाळला. मुंगी सुटली तरी दुकान उघडेना. दुपारभर शटरच्या आत बसून राहायची. भाऊ समजावून थकला. शेवटी वहिनी काठी टेकत स्वतः गेली, शटर अर्धं वर केलं, सायकल आत घेतली आणि म्हणाली की सांधेवाला ठेवायचा ठरला, पण डॉक्टरांनी बसायची उंची बदलायला सांगितलीय. मुंगी जागची हलली नाही. वहिनीने स्वतःच क्लॅम्प ढिला केला, पोस्ट वर ओढला आणि पाना पिळायला लागली.

"एवढा आवळू नकोस, फ्रेमची नळी चिरेल," कोपऱ्यातून मुंगी म्हणाली.

"मग तू ये ना."

मुंगी उठली, वहिनीच्या हातून पाना घेतला आणि काम पुरं केलं. पोस्टला मात्र वहिनीनेच धरून ठेवावं लागलं. मुंगी त्या दांड्याभोवती मूठ आवळायला तयार नव्हती.