दोघांपैकी एकाने ताल द्यायचा

मी राऊटर बोलतोय. हो, हो, तुमच्याशीच! इस्पितळाच्या मागच्या खोलीत, औषधांच्या रिकाम्या खोक्यांशेजारी जो काळा पत्र्याचा डबा दिवसभर घुं घुं करत असतो ना, तो मी. माझ्या डोक्यावर लोकांनी आजवर काय काय ठेवलंय म्हणून सांगू! चहाचे कप, ओली फडकी, एकदा तर कुणाची तरी कवळी. मी हूं की चूं केलं नाही. आपला स्वभावच सोशिक.

कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर एक ओरखडा नव्हता. पण नशिबात आलं गोदाम. दोन वर्षं खोक्यात पडून होतो. आपलं या जगात काही काम आहे की नाही, हेच कळेना. मग एका सकाळी खोकं उघडलं आणि वरून एक चष्मा माझ्या अंगावर पडला.

"अगं बाई, लागलं का रे?" चष्म्याची मालकीण मला विचारत होती. मला! त्याच आमच्या ताई. इस्पितळात नेटवर्कच्या कामाला नुकत्याच लागल्या होत्या. बोलायला माणूस नसला की वायरींशी बोलायच्या. खरं सांगतो, त्या क्षणापासून मी त्यांचा झालो.

माझं काम साधं होतं. आमच्या लहानशा इस्पितळात मेंदूचे डॉक्टर नाहीत. ते चार तासांच्या वाटेवर, मोठ्या इस्पितळात. दोन्ही इस्पितळांमध्ये एक डिजिटल लाइन घेतली होती, फक्त आमच्यासाठी राखलेली. इकडे मशीनवर काढलेले डोक्याचे फोटो मी त्या लाइनीवर सोडायचे, पलीकडच्या राऊटरने झेलायचे, आणि डॉक्टरांनी बघून सांगायचं.

पलीकडचा राऊटर माझ्याच जातकुळीचा. त्याच्यासमोर बसले होते सर. ताईंना कॉलेजात हे सगळं ज्यांनी शिकवलं, तेच; आता मोठ्या इस्पितळाचं नेटवर्क सांभाळायचे. ताईंचा जीव त्यांच्यावर असा, की फोनवर बोलतानासुद्धा उभ्या राहायच्या. सर काय बघणार होते तिकडून? पण नाही, उभ्याच.

तर दोघांनी फोन कानाला लावून आम्हा दोघांना एकाच वेळी जुळवायला घेतलं. लाइनीत डेटाचे छोटे छोटे खण असतात, ते दोन्ही टोकांना सारखे लागतात. "सर, खण एकतीस?" "एकतीस." "चुकांची तपासणी चालू?" "चालू." असं एकेक करत गाडी आली तालावर.

आता हा ताल समजून घ्या, सगळी गोम तिथेच आहे. आम्ही राऊटर सेकंदाला वीस लाखांहून जास्त ठोके देतो. दोघांनी मिळून कपाट जिन्यावरून चढवताना एकाने "एक, दोन" म्हणायचं असतं आणि दुसऱ्याने त्यावर पाऊल टाकायचं असतं, तसंच इथेही. कुठेकुठे लाइन देणारी मधली कंपनीच ताल पुरवते. आमच्या लाइनीवर ती सोय नव्हती. दोघांपैकी एकाने ताल द्यायचा, दुसऱ्याने धरायचा.

ताईंच्या मनात आलं, पलीकडे सर आहेत, त्यांच्या राऊटरला मी माझ्या तालावर नाचवू? छे! त्यांनी गुपचूप मला सांगितलं, "पलीकडचा ताल धर." आणि फोनवर म्हणाल्या, "सर, तालाचं बघितलं मी."

"मीही बघितलं," सर म्हणाले.

कुणी कुणाला विचारलं नाही. माझा दिवा हिरवा झाला. ताईंनी टाळी वाजवली, सगळी जुळणी माझ्या पोटात जपून ठेवली आणि सगळ्या वॉर्डांत जाऊन "लाइन चालू झाली हो!" असं सांगून आल्या. मला मात्र काहीतरी खटकत होतं. पलीकडचा ताल नीट सापडतच नव्हता. दर दोन-चार मिनिटांनी ठोका चुके, लाइन पडे, पुन्हा उभी राही. लहानसहान निरोप तेवढ्यात पलीकडे पोचून जायचे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मी ओरडून ओरडून सांगणार कसा? मला तोंड नाही, दिवे आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला एका सुतारदादांना उचलून आणलं. शाळेच्या छपराचं काम करताना वरून पडले होते. शुद्ध जात-येत होती. डोक्याचा फोटो काढला. आमच्या डॉक्टरबाईंनी फोनवर मेंदूच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "फोटो पाठवा. इथे आणता येतील की तिथेच डोकं उघडावं लागेल, ते बघितल्याशिवाय कसं सांगू?"

फोटो निघाला. निम्म्यावर गेला आणि लाइन पडली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा निम्म्यावर, पुन्हा धप्प! मी जीव तोडून ढकलत होतो हो.

सुतारदादांची बायको दाराशी आली. हातात त्यांची एक चप्पल होती, दुसरी कुठे पडली कोण जाणे. "ताई, पोचला का फोटो?" ताई म्हणाल्या, "जातोय." थोड्या वेळाने परत, "पोचला का हो?" तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही, नुसती बघत राहिली. माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

डॉक्टरबाई आत आल्या. "आणखी दहा मिनिटं थांबते. मग गाडीत घालून पाठवते. रस्ता असला खडबडीत, पण दुसरं काय करू?"

ताईंनी चष्मा वर सरकवला आणि माझ्या पोटातला हिशेब उघडला. चुकलेले ठोके मी नेमाने टिपून ठेवतो. आकडा बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन उचलला, अर्थात उभ्यानेच.

"सर, तुमच्या राऊटरने कुणाचा ताल धरलाय?"

"अगं, तुझा! तुझं पहिलं काम, म्हटलं मान तुझा."

"आणि मी तुमचा धरलाय, सर."

आम्ही दोघे राऊटर तीन दिवस एकमेकांच्या मागे चालत होतो, आणि पुढे कुणीच नव्हतं!

"सर, तुम्ही द्या ताल. मी कशी—"

"अगं, माणूस पडलाय तिकडे. मान नंतर दे! पेशंट तुझ्याकडे आहे, ताल तूच दे. मी मागे येतो."

ताईंनी माझी जुळणी बदलली. अक्षर एक चुकलं नाही. आणि काय सांगू तुम्हाला, आयुष्यात पहिल्यांदा मी माझा स्वतःचा ताल दिला. पलीकडच्याने तो अलगद धरला. फोटो निघाला तो एका दमात पोचला. नऊ मिनिटं लागली.

"इथेच उघडा, हलवू नका," मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि कुठे, किती, तेही सांगितलं. डॉक्टरबाईंनी साचलेलं रक्त काढलं. गाडीत घातले असते तर सुतारदादा पोचले नसते, असं त्या नंतर बोलल्या. ताई तेव्हा माझ्या शेजारी जमिनीवर बसून घळघळा रडल्या. मीही रडलो असतो, पण मला पाणी चालत नाही.

दोन महिन्यांनी सुतारदादा स्वतःच्या पायाने आले. "त्या डब्याला बसायला काही नाही का?" म्हणाले आणि माझी मापं घेऊन, हवा खेळेल अशी फटीफटींची फळी ठोकून दिली. अकरा वर्षं तिच्यावर बसलोय. माझ्यातून किती डोकी गेली, मोजदाद नाही. सगळीच वाचली असं नाही, पण एकही फोटो माझ्यापायी अडकला नाही, एवढं छातीठोकपणे सांगतो.

आज नवी फायबरची लाइन सुरू झाली. वेग म्हणाल तर माझ्या शंभर पट. चांगलं झालं. मला वाईट नाही वाटत... बरं, वाटतंय थोडं. खोटं कशाला बोलू?

ताई मला बंद करायला आल्यात. एखाद-दुसरा केस पांढरा झालाय, चष्मा अजून घसरतो. त्यांनी पलीकडे फोन लावला. सर निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी आज मुद्दाम येऊन बसलेत म्हणे. ताई आपोआप उभ्या राहिल्या.

"सर, तुमचा आधी बंद करा. तो माझ्या तालावर आहे. मी आधी थांबले तर तो उगाच शोधत बसेल."

"बरोबर आहे," सर म्हणाले. आणि वर, "चांगला ताल दिलास हो."

ताईंनी मान हलवली, सरांना दिसत नसतानाही.

पलीकडचा थांबला. निरोप घे रे बाबा, सुखी राहा. मी अजून ठोके देतोय, पण मागे कुणी नाही. ताईंचं बोट बटणावर येऊन थांबलंय. अहो, रडताय काय? सगळे फोटो पोचले आता. दाबा, ताई.