सरावाची बाटली

"अंगठा! तर्जनी नाही, अंगठा," असं म्हणत ड्रिलमास्तरांनी लेकीची मूठ उघडली आणि निळ्या टोपणाची छोटी बाटली तिच्या तळहातात पुन्हा नीट बसवली. "तर्जनीनं दाबलंस की पकड सैल पडते. कुणी हाताला झटका दिला की बाटली त्याची."

"मग तो मला पाण्यानं मारणार?"

"आज पाणी आहे. उद्या नसेल."

बाटलीत खरोखरच नुसतं पाणी होतं. वजन, दाब, टोपणाची खिट्टी, सगळं मिरचीच्या स्प्रेसारखं; मिरची तेवढी नव्हती. लाल टोपणाची खरी बाटली आतल्या खोलीत कुलपात होती. तरीही दर फेरीआधी मास्तर हातातल्या बाटलीवरचं 'फक्त सरावासाठी' हे लेबल मोठ्यानं वाचत. ते एका गोदामात सुरक्षा अधिकारी होते. आगीचे सराव घेण्याची त्यांची हौस एवढी, की कामगारांनीच त्यांना 'ड्रिलमास्तर' हे नाव चिकटवलं होतं. आग परवडली पण ड्रिल नको, असं तिथे म्हणत, आणि ते ऐकून मास्तर मिशीत हसत.

लेकीला रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये संध्याकाळची पाळी मिळाली होती. उद्या रुजू व्हायचं होतं. परतीच्या वाटेवर बसथांब्यापासून घरापर्यंत एक लांबलचक कुंपणाची भिंत लागे, आणि तिथले दिवे निम्मे बंदच असत. मास्तरांनी अट घातली होती. सराव जमला तर जायचं, नाही जमला तर आजच फोन करून नकार कळवायचा.

सोफा भिंतीला सरकवला होता. फरशीवर पांढरी चिकटपट्टी लावून हल्लेखोराची जागा आखली होती. सोफ्यावर बसून बायको धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होती.

मास्तर गोदामातला संरक्षक चष्मा डोळ्यांवर चढवून दारापर्यंत गेले आणि खांदे पाडून परत आले.

"ओ मॅडम, जरा थांबता का? एक पत्ता विचारायचा होता."

"अहो, असा गुंड असतो होय?" बायको म्हणाली. "पाकीट हिसकावलंत तर पावती लिहून द्याल तुम्ही."

लेक हसत हसत वाकली. फवारा पडद्यावर गेला.

"आणि 'मागे व्हा' म्हणून ओरडायचं कुठे गेलं?"

"ओरडले ना."

"ते ओरडणं होतं? मला वाटलं उंदीर शिंकला."

पुढच्या फेरीत ती खिट्टी सरकवायला विसरली. त्याच्या पुढच्या फेरीत दाबताना तिनं स्वतःचेच डोळे मिटले आणि पाणी मास्तरांच्या गुडघ्यावर पडलं. मग त्यांनी आवाज घोगरा करून पाहिला, डोळे वटारून पाहिले. त्यावर तर मायलेकी दोघी खिदळल्या. एकदा नेम बरोबर लागला, पण लगेच ती म्हणाली, "सॉरी हं." हल्लेखोराला सॉरी!

चष्म्याच्या काचा घामानं धुरकटल्या. मास्तर तो काढून शर्टाच्या टोकानं पुसू लागले.

"बाबा, पुरे ना आता. खरी वेळ आली की आपोआप जमेल."

त्यांचा हात थांबला.

"आपोआप?" ते म्हणाले. "आपोआप काही होत नसतं! एकच गोष्ट किती वेळा सांगायची तुला? डोकं कुठे असतं तुझं? आं?"

बोट रोखून ते एक पाऊल पुढे आले. आवाज भिंतींवर आपटला. डोळ्यांच्या कडेनं त्यांना बायको उठताना दिसली. दूध वर यायला लागल्यावर उठावं तशी, न धावता, हातातला मोजा खाली ठेवून ती शेजाऱ्यांच्या बाजूच्या खिडकीशी गेली आणि तिनं काच लावून घेतली.

तेवढ्यात त्यांच्या तोंडावर पाणी आलं.

लेकीचा डावा हात चेहऱ्यासमोर होता. भिंत पाठीशी येऊ नये म्हणून ती अर्धी वळून बाजूला सरली होती. अंगठा खिट्टीखाली. "मागे व्हा!" हा आवाज त्यांनी या घरात कधी ऐकला नव्हता. फवारा एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत सरळ रेषेत फिरला आणि तिचे डोळे सबंध वेळ उघडे होते.

नंतर फक्त मास्तरांच्या हनुवटीवरून फरशीवर पाणी ठिबकत राहिलं.

"अगं बाई, बाबा! चुकून झालं. लागलं का डोळ्यात?"

मास्तरांनी पापण्या उघडल्या. चूक कशी दिसते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुकाच टिपल्या होत्या. ही चूक नव्हती. लेक त्यांच्या हाताच्या टप्प्याच्या नेमकी थोडीशी पलीकडे उभी होती. आणि हे अंतर तिला आजच्या सरावात कुणी शिकवलेलं नव्हतं.

घरात आपण कधी हात उचलला नाही, हे ते गोदामात चहा पिताना चारचौघांत अभिमानानं सांगत.

"खिडकी का लावलीस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"अं? लावली का मी?" ती काचेकडे वळून बघायला लागली, जणू दुसऱ्याच कुणी ती लावली होती. मग तिनं ती पुन्हा उघडली आणि खाली बसून मोज्याची जोडी शोधू लागली.

पाणी साधंच होतं. तरी मास्तरांना डोळे सारखे मिचकावावे लागत होते.

"उद्या जा तू," ते म्हणाले.

"म्हणजे जमलं?"

"जमलं."

हरखून उडी मारावी अशी ती बातमी होती. लेकीनं फक्त मान हलवली. बाटली अजून तिच्या हातात होती, अंगठा तसाच.

मास्तरांनी गळ्यावरून निथळणारं पाणी तळहातानं अडवलं.

"टॉवेल देता का कुणी," ते हळू आवाजात म्हणाले.

"काय म्हणालात?" बायकोनं विचारलं. "ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं बोला ना."

मास्तरांनी तोंड उघडलं. दोघी त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी तोंड मिटलं आणि शर्टाच्या बाहीनं चेहरा पुसायला घेतला.