एका माणसाला एक जुडी

शिवणकारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. शर्टाची काजं हातानेच हवीत असा हट्ट धरणारी काही गिऱ्हाइकं अजून शिल्लक होती, आणि ती करणारी तेवढी हीच शिल्लक होती. पुढे तिच्या बोटांना भेगा पडल्या, रेशमी दोरा भेगांत अडकून विस्कटू लागला. मालक काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. न बोलणाऱ्या मालकाचीच जास्त धास्ती वाटते.

शेवटी ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं. "रक्त कमी आहे. कातडी तर कागद झालीय. जेवता काय?"

"चहा-पाव."

"आणि रात्री?"

"उरलेला पाव."

बाईंनी कपाळाला हात लावला. गोळ्या दिल्या, वर तंबी दिली. रोज पालेभाजी खायची. लोह रक्ताला, जीवनसत्त्वं कातडीला आणि डोळ्यांना, शिवाय पोट साफ. वरून लिंबू पिळायचं म्हणजे लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा ढोसायचा नाही.

काजवालीने हे सगळं लेकीला फोनवर सांगितलं, थोडं तिखटमीठ लावूनच. लेक दूरच्या शहरात नोकरीला; वडील गेले तेव्हा आली होती, त्यानंतर नाही. "थांब, मी सुट्टीच टाकते," लेक म्हणाली. "महिनाअखेरीला येते, चांगली आठवडाभर राहते. तोवर भाजी खा, कळलं?"

काजवालीची कळी खुलली. रक्त कमी झाल्याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल.

संध्याकाळी ती भाजीवाल्याकडे गेली. पालकाची जुडी ही दांडगी. तिने अर्धी मागितली.

"अर्धी जुडी म्हणजे अर्धी दाढी केल्यासारखं, मावशी," तो म्हणाला. "घ्या सगळी. पाहुणे नाहीत का घरी?"

"येणार आहेत," ती ऐटीत म्हणाली.

घरी वर्तमानपत्र पसरून ती निवडायला बसली. भाजी निवडणं हे एकट्याचं काम नव्हेच. पूर्वी तिघं बसायची. नवरा देठांबरोबर चांगली पानंही फेकायचा, लेक ती परत उचलायची आणि बापाला झापायची, आणि गप्पांत जुडी कधी संपली ते कळायचं नाही. आता प्रत्येक काडी कळत होती. मात्र ढीगभर पाला कढईत पडला की मूठभर होतो. एका माणसाला एक जुडी बरोब्बर पुरली, आणि तेच तिच्या मनाला लागलं.

पण ती नेमाने खात राहिली. लेक येईपर्यंत निदान उभं राहता यायला हवं. हळूहळू जिना चढताना धाप लागेनाशी झाली, दोरा बोटांवरून सुळकन जाऊ लागला. मालकाने बघणं सोडलं. महिना सरत आला तसा लेकीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा काजवाली बाईसाहेबांनी मिरवत गाल पडद्याला चिकटवला.

"अगंबाई! काय तेज आलंय तोंडावर! कोण म्हणेल आजारी होतीस?"

"बोटंसुद्धा बघ."

"माझा जीव भांड्यात पडला. आई, ऐक ना, इथे काम फार तुंबलंय. तू बरी आहेस, तर सुट्टी पुढे ढकलू का?"

"ढकल की. मला काय धाड भरलीय."

फोन ठेवल्यावर तिला भाजीचाच राग आला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चहा-पाव. रोज उठून ती आरशात बघे, आणि मेले गाल काही उतरायचं नाव घेत नसत. मग एका सकाळी तिची तिलाच लाज वाटली. एवढी जाणती बाई, आणि लेक यावी म्हणून आजारी पडायला बसली आहे!

त्या दिवशी दुपारीच कारखान्यातून सुटून ती भाजीवाल्याकडे गेली.

"मावशी, पाहुणे आले नाहीत वाटतं?"

तिने जुडी घेतली. घरी येऊन वर्तमानपत्र पसरलं, चार काड्या निवडल्या, आणि लेकीला फोन लावला. कामाच्या वेळेत ती कधी लावत नसे.

"काय झालं, आई?" लेकीचा आवाज चिरकला.

"काही नाही झालं. मी बरी आहे."

"मग?"

"बरी आहे, तरी ये."

पलीकडे कुणाची तरी खुर्ची सरकली, कुणीतरी हसलं. काजवालीला वाटलं, चुकलंच आपलं.

"काय करतेयस?" लेकीने शेवटी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"भाजी निवडतेय."

"देठं टाकतेस?"

"कोवळी घेते."

"बाबा सगळीच टाकायचे."

"पानंसुद्धा."

"फोन चालू ठेव," लेक म्हणाली. "तुझी भाजी होईपर्यंत."

येते की नाही, ते ती अजून बोलली नव्हती. काजवालीने फोन जुडीशेजारी ठेवला आणि एकेक पान दोन्ही बाजूंनी उलटून बघू लागली, जितकं सावकाश बघता येईल तितकं.