उशिराचं आमेन

"कुदळ खाली ठेवा वन्सं. या रानातून एकही बटाटा निघायचा नाही."

वहिनी बांधावर रिकाम्या पोत्यांचा ढीग करून त्यावर बसली होती. म्हणजे समजा आम्ही बटाटे काढलेच, तरी भरायचे कशात? पोती सगळी हिच्या बुडाखाली. डोकं बघा बाईचं!

"अगं, पाला वाळून आठ दिवस झाले," मी म्हटलं. "आभाळ बघ वर. पाणी पडलं तर जागच्या जागी कुजतील."

"कुजू देत."

"मग वर्षभर खाशील काय? माझं डोकं?"

"ते काही गोड लागणार नाही."

मदतीला आलेले पाच-सहा शेजारी कुदळी घेऊन उभे होते आणि भांडण ऐकू येत नसल्यासारखे ढगांकडे बघत होते. शिंपीकाकांनी तर ढग मोजायलाच घेतले. पाळकसाहेब रानाच्या तोंडाशी पुस्तक छातीशी धरून उभे. तिशीचा माणूस, आमच्याकडे येऊन पुरतं वर्षही झालेलं नाही. आत यावं की माघारी जावं हे त्यांना कळेना.

आता यात पाळकसाहेबांचं काय काम, ते सांगते. आमच्या ख्रिस्ती मंडळीत पीक काढायच्या दिवशी आधी रानात प्रार्थना होते. सगळे आमेन म्हणतात. पण रानाच्या धन्याचं आमेन झाल्याशिवाय कुणी मातीला हात लावत नाही. या रानाचा धनी म्हणजे माझा दादा. त्याला जाऊन पाच आठवडे झाले होते. आता आमेन म्हणायचं ते वहिनीनं, आणि ती काही केल्या म्हणेना.

दादाचं आमेन म्हणजे काय प्रकार होता, हे आमच्याकडं कुणालाही विचारा. उभा जन्म मळणीच्या यंत्रापाशी गेला, त्यात कान गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर चारातले दोन शब्द पोचायचे. बरं, प्रार्थनेत डोळे उघडणं म्हणजे त्याच्या लेखी महापाप. ऐकू येत नाही, डोळे मिटलेले, मग प्रार्थना संपली हे कळणार कसं? तर वहिनी शेजारी उभी राहून त्याच्या बरगडीत कोपर मारायची. कोपर बसलं की दादा छाती भरून म्हणायचा, "आऽऽमेन!" एकटाच. बाकी सगळ्यांचं म्हणून झाल्यावर. देवळाच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. पुढं पुढं सगळ्या मंडळीला इतकी सवय झाली, की आपलं आमेन म्हणून झालं तरी कुणी बसायचं नाही. दादाचं आमेन आलं की मगच बाक वाजायचे. एकदा वहिनीचं त्याच्याशी काही बिनसलं होतं म्हणून तिनं मुद्दाम कोपर मारलं नाही. अख्खी मंडळी उभी! जुने पाळकसाहेब शेवटी खाकरले, तरी दादा आपला डोळे मिटून ढिम्म. शिंपीकाकांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनीच वहिनीला हात जोडले, मारा हो एकदाचं.

असा माझा भाऊ. आठवण आली की हसू येतं, आणि हसता हसता रडू येतं. दोन्हीला मी आता आडकाठी करत नाही.

तर दफनाच्या दिवशी काय झालं. कबरेपाशी प्रार्थना संपली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि वहिनीचं कोपर सवयीनं बाजूला गेलं. बाजूला होते शिंपीकाका. ते बिचारे कळवळले, पण तोंडातून शब्द काढला नाही. वहिनीनं आपल्या कोपराकडं पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. तेव्हापासून तिच्या तोंडून आमेन नाही. रविवारी देवळात यायची, गीत म्हणायची, प्रार्थना संपली की गप्प.

"मी म्हणतो की आमेन," शिंपीकाका बांधाजवळ येऊन म्हणाले. "काम तर उरकेल."

"तुमचं रान आहे का हे?" वहिनी उसळली. "आणि कशाला म्हणायचं हो आमेन? आमेन म्हणजे तसंच होवो. जे झालं ते मला नको होतं. मग मी कशी म्हणू तसंच होवो?"

शिंपीकाका मागं सरले. एकेक करून सगळे कुदळी खांद्यावर टाकून गेले. पोतीही तिथंच राहिली, कारण ती उठायलाच तयार नव्हती. मी पाळकसाहेबांना गाठलं.

"तुम्ही दुपारी घरी या," मी सांगितलं. "आणि काहीतरी बोला तिच्याशी. नुसते चहा पिऊन जाऊ नका."

आले. वहीत चार मुद्दे लिहून आणले होते. स्वयंपाकघरात पाटावर बसले, चहाची कपबशी एका हातात, वही दुसऱ्या हातात. वहिनी चुलीपाशी कणीक मळत होती.

"काकू," ते म्हणाले, "देवाच्या इच्छेपुढं..."

कणकेवर अशी काही मूठ पडली की परात वाजली. पाळकसाहेबांनी पान उलटलं.

"काकू, काळ हेच खरं औषध..."

दुसरी मूठ. मी डोळ्यांनी खुणावलं, मिटा ती वही. मिटली बिचाऱ्यांनी. शेवटी ते चोरट्या आवाजात म्हणाले, "काकू, खरं सांगू? मला काय बोलावं ते सुचत नाही. मी नवा आलो तेव्हा पहिल्या उपासनेत माझा आवाज कापत होता. प्रार्थना कशीबशी संपवली, आणि काकांचं ते आमेन आलं. मला वाटलं, चला, एकाला तरी आवडली."

"त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं," वहिनी म्हणाली.

"ते मला दोन महिन्यांनी कळलं."

वहिनीच्या ओठांचा कोपरा हलला. मी पाहिलं. पण लगेच तिचे डोळे भरले आणि ती कणकेच्या हातानंच पदर शोधू लागली. मी तो तिच्या हातात दिला.

"पाळकसाहेब, एक विचारते," ती म्हणाली. "हसू नका. वन्सं, तुम्हीही हसू नका. तुम्ही सांगता, शेवटच्या दिवशी प्रभू हाक मारील आणि कबरेतले त्याची हाक ऐकून उठतील. ऐकून! आमच्या ह्यांना ऐकू येत नाही हो. सगळे उठून जातील आणि हे डोळे मिटून तिथंच पडून राहतील. कोपर कोण मारणार त्यांना?"

घ्या! पाच आठवडे ही बाई हे पोटात घेऊन फिरत होती. आम्हाला वाटलं देवावर रुसली आहे. रुसली होतीच, पण खालचं दुखणं हे होतं. मला हसूही येईना आणि रडूही येईना. माझा तो भोळा भाऊ आणि ही त्याची बायको! दोघांवर इतकी माया दाटून आली की मी उठून विनाकारण पाण्याचा तांब्या भरून ठेवला.

पाळकसाहेब हसले नाहीत. कपबशी खाली ठेवली.

"काकू, मेलेल्या माणसाला ऐकू येतं का?"

"नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही. मेल्यावर कसलं ऐकू येतंय?"

"म्हणजे त्या दिवशी सगळेच बहिरे. चांगले कान घेऊन गेलेलेही बहिरेच. लाजर आठवतो ना, येशूचा मित्र? चार दिवस कबरेत होता. त्याच्या बहिणी इतक्या रडल्या, त्याला ऐकू आलं नाही. येशूही तिथं आधी रडला, बरं का काकू. झालं ते चांगलं झालं, असं नाही म्हणाला. आणि मग त्यानं नाव घेऊन हाक मारली. लाजर बाहेर आला. ती हाक कानांच्या भरवशावर नसते हो, हाक मारणाऱ्याच्या भरवशावर असते. काका उठतील."

वहिनी ऐकत होती. कणकेच्या हातात पदर तसाच.

"आणि समजा," मला राहवेना, "समजा उठायला त्याला थोडा उशीर झालाच. तो कधी वेळेवर उठलाय? तू असशीलच की शेजारी. कबरेजवळची जागा तुझ्यासाठीच राखून ठेवली आहे ना? तू ऊठ आणि मार कोपर. सगळा स्वर्ग थांबेल दोन मिनिटं. आमची मंडळी नाही का थांबायची?"

"अहो आत्या!" पाळकसाहेब मलाच दटावायला निघाले, पण वहिनी हसली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. हसली, आणि हसता हसता अशी रडली की पदर ओला झाला, आणि मीही तिच्या गळ्यात पडून रडले. कणकेनं माझी पाठ भरली. पाळकसाहेबांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"पाणी कधी येईल हो?" वहिनी नाक पुसत म्हणाली.

"आज नाही तर उद्या," मी म्हटलं.

"मग बसलात काय? बोलवा सगळ्यांना."

उन्हं कलायच्या आत सगळे परत रानात. आभाळ तोवर अगदी खाली आलं होतं आणि वारं ओलं लागत होतं. आम्ही सरीच्या तोंडाशी उभे राहिलो, मी वहिनीच्या शेजारी. पाळकसाहेबांनी वही आणलीच नव्हती. छोटीशी प्रार्थना केली. दादाचं नाव घेतलं, त्यानं लावलेल्या बटाट्यांसाठी उपकार मानले, आणि ज्या दिवशी तू आम्हा सर्वांना हाक मारशील त्या दिवसाची आम्ही वाट पाहतो, असं म्हणाले.

"आमेन," सगळे म्हणाले.

आणि सगळे थांबले. कुणी ठरवलं नव्हतं. कुदळी हातात, डोळे मिटलेले, सगळे तसेच उभे. मी एक डोळा उघडून पाहिलं. वहिनीचे डोळे घट्ट मिटलेले, ओठही मिटलेले, हनुवटी थरथरत होती. शब्द तिच्या ओठांशी येऊन अडला होता. मी आणखी थोडं थांबले. आणि मग तिच्या बरगडीत कोपर मारलं. चांगलं जोरात.

"आऽऽमेन!"

बाई गं! बांधावरचे पक्षी उडाले. दादासारखंच, तसंच लांबवून, तसंच छाती भरून. शिंपीकाका डोळे पुसत म्हणाले, "आता कसं संपल्यासारखं वाटलं."

पहिली कुदळ वहिनीनंच मारली आणि पहिलाच बटाटा मधोमध कापला. दादाही दरवर्षी कापायचा. मग आम्ही सगळे तुटून पडलो. कुणी खणतंय, कुणी वेचतंय, कुणी पोती ओढतंय. दादानं सऱ्या अशा वाकड्या पाडल्या होत्या की शिंपीकाका दोनदा बांधावर जाऊन धडकले. शेवटचं पोतं छपराखाली नेलं आणि मोठमोठे थेंब पत्र्यावर वाजायला लागले.

आम्ही दोघी पोत्यांना टेकून बसलो, हातपाय मातीनं भरलेले.

"वन्सं, तुमचं कोपर फार टोकदार आहे हो," वहिनी बरगडी चोळत म्हणाली.

"तुझ्याकडं बघूनच शिकले. दादाला मारताना जरा हळू मारत जा, त्या दिवशी."

"हळू?" ती म्हणाली. "मला एवढं एकटं टाकून गेलेत. असं मारणार आहे, की हाक ऐकू आली नसली तरी कोपर ऐकू येईल."