सुईचं पथ्य

मी म्हणाले: सहा महिन्यांचं बाळ नुसत्या दुधावर वाढत नाही. डाळ-भात मऊ कालवा, वर तेलाची धार सोडा, दिवसातून चारदा भरवा.

बाळाच्या आजींनी, द्रौपदाबाईंनी ऐकलं: नर्सबाई आली होती.

बस, एवढंच. अठ्ठ्याऐंशी साल. धरणगावहून त्यांच्या खेड्यात मी किती खेपा घातल्या, आणि दर खेपेला आजीबाईंच्या कानात एवढंच शिरलं. नातवाचं नाव आधार. वजनकाट्याच्या झोळीत घातला तरी काट्याला पत्ता लागायचा नाही. मांड्यांची कातडी सैल, नजर म्हाताऱ्याची. हे पोर असंच राहिलं तर पावसाळा काढणार नाही, हे मला दिसत होतं.

"दाय त्याले पचस नही, बाई," आजी म्हणायच्या. डाळीला त्या दाय म्हणत. सून कमल मान खाली घालून बसायची.

मग त्यांना कुणीतरी सांगितलं, धुळ्याला चिनी सुया टोचणारे शालिग्राम डॉक्टर आहेत.

थांबा. पाणी पिते.

हं. तर आजी आणि कमल बाळाला घेऊन एस.टी.त बसून गेल्या. डॉक्टरांनी बाळाच्या बोटांच्या सांध्यांत बारीक सुई टोचली, थेंबभर पिवळट पाणी पिळून काढलं, पोराने दवाखाना डोक्यावर घेतला. मग डॉक्टर म्हणाले: या सुईला पथ्य आहे. मऊ डाळ-भात, वर तेल, दिवसातून चारदा. चुकलं तर सुई वाया.

माझं वाक्य! तेलासकट!

आणि पथ्य, त्यांच्या भाषेत परेज, पाळलं की. कमल जरा टेकली की आजी ओरडायच्या, "ऊठ व माय, परेजना टाइम व्हयना!" आधार भरला. काटा हलला. गावभर नाव सुईचं.

मी धुळ्याला गेले. भांडायला.

"बाळ डाळीने वाढलं, डॉक्टर."

"असेलही," ते शांतपणे म्हणाले. "पण सिस्टर, डाळ तर तुम्ही आधीच सांगितली होती ना?"

बसस्टँडवर कडू चहा प्याले आणि परत आले.

ठरलेल्या सुया टोचून संपल्या. पुढच्या खेपेला काटा पुन्हा खाली.

"अक्का, भात बंद केला?" मी आजींना विचारलं.

"दवा सरनी ना, बाई. दवा सरनी मंग परेज कसाले?"

मी म्हणाले:

तेच वाक्य पुन्हा? छे. डोकं आपटायला भिंत बघत होते, तर ती नुकतीच सारवलेली.

मग बर्फाचा डबा उघडला. बाळाला नऊ महिने भरले होते, गोवराची लस आज द्यायचीच होती. सिरिंज भरली.

"बोटमा?" आजी पुढे सरकल्या.

"दंडात."

टोचली. आधार रडला. आजी हलेनात. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हाई सुईले परेज शे का, बाई?"

खोटं बोलू नये, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. डाळीचंही तिथेच शिकवलंय.

"आहे," मी म्हणाले. "कडक आहे. डाळ-भात, तेल, चारदा."

"कितला दिन?"

"लग्न होईपर्यंत!"

आजींनी आ वासला. मग मान फिरवून ओरडल्या, "आयकं का व कमल? जबर सुई शे! ऊठ, दाय चढाव!"