म्हशीचे पत्रे

सरकारनं नवा नियम काढला: ज्या शाळेची गरज मोठी, तिला पैसा आधी. आजवर शहरातल्या शाळांवर मजले चढायचे आणि गावाच्या वाट्याला आश्वासनं यायची. मास्तरीणबाईंनी त्या नियमाचं पत्र दोनदा वाचलं. त्यांच्या शाळेचं छप्पर तीन वर्षं गळत होतं. पाऊस आला की पोरं एका कोपऱ्यात आणि फळा दुसऱ्यात. म्हणजे यंदा आपला नंबर लागणार, बाईंनी मनाशी धरलं. पाहणीला साहेब सोमवारी येणार होते.

बाई शनिवार-रविवार माहेरी गेल्या आणि इकडे गाव कामाला लागलं. पाहुणा येणार म्हटलं की घर लख्ख करायचं, ही गावाची जुनी खोड. पुढाऱ्यानं चुना दिला, सुतारानं बाकं ठोकली. म्हशीवाल्या आत्याचा नातू शाळेत होता. तिनं तर गोठ्यावरचे पत्रे काढून शाळेवर चढवले.

सोमवारी बाई परतल्या, तेव्हा साहेब फाटकातून आत शिरत होते. बाईंनी शाळेवरचे पत्रे पाहिले. त्यांनी पुढाऱ्याला बाजूला घेतलं.

"हे काय करून ठेवलंत?"

"गावाची अब्रू झाकली, बाई. फाटकं कापड पाहुण्याला दाखवतं का कुणी?"

"अहो, त्या फाटक्याचेच पैसे मिळणार होते."

बाई साहेबांमागं धावल्या.

"साहेब, हे पत्रे उसने आहेत. खाली छपराची चाळण झालीय."

"बाई, दिसतं ते मी लिहितो. कागदात उसन्याचा रकाना नाही."

त्यांनी लिहिलं: गरज नाही. शहरातल्या मोठ्या शाळेची दशा मात्र बघवत नाही म्हणाले. पंधरा खिडक्यांच्या काचा फुटल्यात, त्याही परवाच. शहाणी माणसं ती, नियम नीट वाचला होता. आमच्या गावानं टाळ्या वाजवून साहेबांना निरोप दिला. बाईंना रडू आवरेना.

आठवड्यानं पाऊस लागला आणि आत्या शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. पत्रे न्यायला आली, हे बाईंनी ओळखलं.

"घेऊन जा, आत्या. म्हैस भिजत असेल."

"म्हैस घेतली घरात. तिला कुठं परीक्षा द्यायचीय?" आत्यानं वर पत्र्यांकडं पाहिलं. "राहू द्या ते. फक्त पुढच्या खेपेला साहेब यायचे असले, की मला आदल्या दिवशी सांगा."

"कशाला?"

"पत्रे उतरवायला. आणि पुढाऱ्याला दोन दिवस लेकीकडं धाडायला."